ते दार खरवडायच्या आधी हे वाचा: जुन्या वास्तूंची दुरुस्ती ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

वारसा समित्यांवरचे सगळे सदस्य, जुन्या इमारतींची कामं बघणारे आर्किटेक्ट, साइट इंजिनियर आणि टेंडरमधले आयटम लिहिणारे साहेब-मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

मी रंगारी आहे. साध्या लाकडावर भारी लाकडाच्या रेषा काढणं आणि साध्या गिलाव्यावर संगमरवर रंगवणं हे माझं काम, म्हणजे साइटवर ज्याला सगळे ग्रेनिंग आणि मार्बलिंग म्हणतात ते, आणि हल्ली जास्त वेळ जातो तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलेलं असलं काम दुरुस्त करण्यात. हे पत्र बरेच दिवस डोक्यात घोळतंय. तुमच्यापैकी कुणावर राग नाहीये, बहुतेकांनी मला कामं दिलीत आणि चांगलं वागवलंय. पण एक गोष्ट परत परत होतेय आणि एकदा झाली की ती दुरुस्त करायला काही उरतच नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. जुन्या वास्तूतलं नकली लाकूड आणि नकली संगमरवर हे त्या वास्तूचं अस्सल काम असतं, त्याला "पेंटिंग, जुना रंग खरवडण्यासह" या आयटममध्ये टाकू नका.

काय झालं ते सांगतो. एका जुन्या इमारतीत बारा दारं होती. मी पोचलो तोवर अकरा दारं कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून, ब्रशने घासून, धुऊन ओळीने वाळत उभी केलेली. लाकडाचे तंतू फुगून वर आलेले, हात फिरवला तर लोकरीसारखं लागायचं, सोड्याने जोडातला सरस मऊ पडून दोन-तीन दारांच्या चौकटी हलायला लागलेल्या. आणि लाकूड कुठलं, तर साधं स्वस्त पाइन, जागोजागी गाठी, गाठींवर लांबी भरलेली, एका दिलह्यात तर दोन वेगवेगळ्या रंगाच्या फळ्या जोडलेल्या. साइटवर सगळे खूश होते, म्हणत होते बघा आता ओरिजिनल लाकूड दिसतंय. पण हे लाकूड दिसावं असं सुताराच्या मनातच नव्हतं हो! त्याने गाठीवर लांबी भरली कारण त्याला माहीत होतं की वरून रंगारी येणार आहे. ज्याला आपण ओरिजिनल म्हणून वॉर्निश मारला ते त्या दाराचं अंतर्वस्त्र होतं, आणि त्याचे खरे कपडे टाकीच्या तळाला गाळ होऊन बसले होते.

बारावं दार वाचलं ते एका मोठ्या लोखंडी कपाटामागे होतं म्हणून. मधल्या काळात बाकीच्या दारांवर क्रीम कलरचा ऑइल पेंट चढला तेव्हाही कपाट कुणी हलवलं नव्हतं. ते दार मी टॉर्च आडवा धरून अर्धा तास बघत बसलो. ओकचं काम होतं. ओक मधोमध चिरला की त्याच्यात आडव्या चकचकीत पट्ट्या दिसतात, झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या असतात त्या, आणि ग्रेनिंगमध्ये त्या रंगवत नाहीत, पुसून काढतात. म्हणजे आधी फिकट पिवळट अस्तर, ते पूर्ण वाळलं की त्यावर तेलातला पारदर्शक तपकिरी ग्लेझ, तो ओला असतानाच त्यावरून फणी ओढायची, आणि मग अंगठ्याच्या नखावर चिंधी ताणून एकेक पट्टी झटक्यात पुसायची. ग्लेझ आवळायच्या आत सगळं व्हायला पाहिजे, विचार करायला वेळ नसतो, हाताला आधीच माहीत असावं लागतं. त्या दारावर पुसलेल्या प्रत्येक पट्टीत चिंधीच्या विणीच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. उभ्या चौकटीवर रेषा वरपासून खालपर्यंत सलग, आडव्या पट्टीवर आडव्या, आणि जिथे सुताराचा जोड आहे बरोबर तिथेच थांबलेल्या, कारण खऱ्या ओकच्या दारात त्या तिथेच थांबल्या असत्या. ज्याने हे केलं त्याला सुतारकाम कळत होतं. अशी बारा दारं होती, आता एक आहे.

आता तुमच्या मनात येणारा पहिला प्रश्न मला माहीत आहे, कारण दर मीटिंगमध्ये तो कुणीतरी विचारतंच, की शेवटी ही नक्कलच ना, पैसे नव्हते म्हणून केलेली? याच्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण सगळी गडबड इथेच सुरू होते.

पैसे वाचवायला केलं हे काही ठिकाणी खरंच आहे, महॉगनी समुद्रापलीकडून यायचं आणि महाग पडायचं. पण इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई हे रोमन शहर बघा, तिथल्या घरांमधली सगळ्यात जुनी भिंतसजावट, साधारण इसवी सनापूर्वी २०० ते ८० या काळातली, ती म्हणजे गिलाव्यात उठाव देऊन केलेले दगडी ठोकळे आणि त्यावर रंगवलेले वेगवेगळे संगमरवर. फॉनचं घर म्हणून जे प्रसिद्ध आहे, पाँपेईतल्या सगळ्यात मोठ्या घरांपैकी एक, त्याच्या भिंतीसुद्धा अशाच आहेत, आणि त्या मालकाला पैशाची अडचण होती असं कुणी म्हणणार नाही. जर्मनीत म्युनिकच्या राजवाड्यात तिथल्या बव्हेरिया प्रांताचा राजा पहिला माक्सिमिलियन याने १७व्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी छोटं प्रार्थनागृह बांधून घेतलं, त्याच्या भिंती स्काल्योलाच्या, म्हणजे जिप्सम, सरस आणि रंग मळून केलेल्या नकली संगमरवराच्या. त्याला खरा दगड मिळत नव्हता असं नाही. त्याला ती कारागिरी हवी होती, जी दगडात तशी होतच नाही, कारण दगडाला पाहिजे तो रंग सांगता येत नाही आणि जिप्समच्या पिठाला सांगता येतो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घराच्या बाहेरच्या भिंती लांबून दगडी दिसतात, पण त्या पाइनच्या फळ्या आहेत, कडा तासून ठोकळ्यांसारख्या केलेल्या आणि ओल्या रंगावर वाळू फेकलेल्या. त्याने स्वतः १७९९ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय की वाळूचे हेतू दोन, एक टिकाऊपणा आणि दुसरा दगडासारखं दिसणं. अमेरिकेचाच दुसरा एक राष्ट्राध्यक्ष जेफरसन, त्याच्या माँटिसेलो या घरात दारं महॉगनीसारखी रंगवलेली. आता या घरांमधल्या खऱ्या वस्तू कुठल्या ते सांगा. माउंट व्हर्ननच्या वाळू फेकलेल्या फळ्या काढून तिथे खरा दगड लावला तर घर जास्त खरं होईल का कमी?

विरोधही जुनाच आहे. जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने १८४९ मध्ये स्पष्ट लिहिलं की एका मटेरियलवर दुसऱ्या मटेरियलचा आभास रंगवणं ही वास्तुकलेतली फसवणूक आहे, लाकडावर संगमरवर रंगवायचं उदाहरणसुद्धा त्याने दिलंय. त्याच्या म्हणण्याला मी हसणार नाही, नवीन इमारत बांधताना तो प्रश्न विचारायलाच हवा. पण गंमत बघा, त्यानंतर दोनच वर्षांनी लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात टॉमस कर्शॉ नावाच्या रंगाऱ्याला याच कामासाठी पदक मिळालं आणि त्याचे रंगवलेले लाकडा-संगमरवराचे नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. म्युझियम ज्याला जपून ठेवतं तीच गोष्ट इमारतीत दारावर असली की आपण सोड्यात बुडवतो, हे मला पटत नाही. तो वाद त्या काळच्या लोकांचा होता, त्यांनी तो केला आणि दारं रंगवली. आपलं काम त्यांच्या चुका सुधारायचं नाहीये, त्यांनी काय केलं ते पुढच्यांपर्यंत पोचवायचंय.

आणि हे माझ्या मनाचं नाहीये. व्हेनिस चार्टर तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, १९६४ चा जुन्या वास्तूंच्या जतनाचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा, तुमच्या रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर असतं. त्यात सरळ म्हटलंय की वास्तूवर प्रत्येक काळाने जी रास्त भर घातली तिचा मान राखायचा, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ऑस्ट्रेलियातलं तसंच बर्रा चार्टर म्हणतं लागेल तेवढंच करा आणि होता होईल तितकं कमी करा. मग दगडाच्या भिंतीला हे नियम लागतात आणि तिच्यावरच्या दीड मिलिमीटर रंगाला का लागत नाहीत? मला वाटतं याचं कारण साधं आहे, रंग म्हणजे मेंटेनन्स अशी आपल्याला सवय झालीय. दर पाच वर्षांनी मारायचा तो रंग.

स्काल्योलाबद्दल वेगळं सांगतो कारण तिथे नुकसान आणखी वाईट होतं आणि करणाऱ्याला कळतही नाही. एका सभागृहात सहा खांब होते, पिवळट रंगाचे, सिएना संगमरवर असतो ना तसे, जांभळट शिरा असलेले. साइटवर काहींना ते खरे संगमरवरी वाटत होते आणि काहींना रंगवलेलं सिमेंट. ज्यांना दगड वाटला त्यांनी दगडासारखं धुतलं, भरपूर पाणी, साबण, प्रेशरचा पाइप. एका आठवड्यात दोन खांबांची चमक खालच्या चार फुटांत गेली, पृष्ठभाग पिठूळ झाला, पांढरट डाग आले. कारण ते जिप्सम होतं. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरला साधारण २ ग्रॅम, संगमरवर त्यामानाने नावालाच, आणि वर त्यातला सरस ओला झाला की फुगतो. ज्यांना सिमेंट वाटत होतं त्यांनी उरलेल्यांपैकी एका खांबाला पॉलिशपेपर मारून प्रायमरचा पहिला हात दिलासुद्धा होता. चुकणारी माणसं कामचुकार नव्हती, उलट मेहनती होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे.

ओळखायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे तळहात. खऱ्या संगमरवराला हात लावला की तो हातातली ऊब पटकन ओढून घेतो, गार लागतो, आणि स्काल्योला त्यामानाने कोमट लागतं, जिप्सममधून उष्णता कितीतरी हळू जाते म्हणून. बोटाच्या पेराने हलकं वाजवलं तर आत विटांचा किंवा लाकडी पट्ट्यांचा गाभा असल्याचा बद्द आवाज येतो. कुठे टवका उडाला असेल तर बघा, रंगवलेल्या गिलाव्यात रंग कागदाएवढा पातळ असतो आणि खाली पांढरं, पण स्काल्योलात शीर आत जाते, कारण तिथे रंग वर मारलेलाच नसतो. रंगीत पीठ सरसाच्या पाण्यात मळतात, सरसामुळे जिप्सम पटकन आवळत नाही आणि कारागिराला वेळ मिळतो, वेगवेगळ्या रंगाचे गोळे एकमेकांत दाबतात, कणकेसारखी वळी करून कापतात, त्या चकत्या खांबावर थापतात. एका प्रकारात तर रंगात बुडवलेले रेशमी धागे पातळ मिश्रणातून ओढून शिरा काढतात, धागा निघून जातो आणि रंग मागे राहतो. मग वाळल्यावर घासणं, भोकं भरणं, परत घासणं, आणखी बारीक दगडाने परत घासणं, शेवटी तेल आणि मेण. एका खांबाच्या घोटाईलाच दिवसच्या दिवस जातात. हा खांब आपण इमल्शनचे दोन हात मारून "फ्रेश" करतो तेव्हा काय झाकतो ते एकदा त्याच्याजवळ उभं राहून बघायला हवं.

जे धुवायचं नाही ते स्काल्योलाच फक्त असं समजू नका, ग्रेनिंगमध्येही एक फसवी जागा आहे आणि ती चांगल्या चांगल्या संवर्धन टीमना गोत्यात आणते. बऱ्याच जुन्या दारांवर तेलाच्या ग्लेझनंतर एक अगदी पातळ शेवटचा हात असायचा, सावल्या आणि खोली आणायला, आणि तो तेलात नाही तर शिळ्या बिअरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये रंग कालवून मारायचे, कारण तो पटकन वाळतो आणि खालच्या तेलाला धक्का लावत नाही. त्याच्यावर लगेच वॉर्निश. म्हणजे वॉर्निश आहे तोवर तो हात सुरक्षित, आणि तुम्ही काळवंडलेला वॉर्निश सॉल्व्हंटने काढला आणि मग स्वच्छ करायला ओला बोळा फिरवला की अर्धं काम बोळ्यावर. बोळा तपकिरी झाला म्हणजे मळ निघाला असं वाटतं. तो मळ नसतो. महॉगनीच्या कामात तर मुख्य हातच पाण्यातला असायचा, तिथे धोका आणखी मोठा.

रंग जुळवतानाही घाई करू नका ही विनंती. त्या बाराव्या दाराकडे बघून मला सांगण्यात आलं की बाकीची अकरा डिट्टो अशीच करून द्या. मी हो म्हटलं नाही. ते दार इतकी वर्षं अंधारात होतं, जवसाच्या तेलाचा वॉर्निश अंधारात जास्त पिवळा पडतो, आणि व्हॅन्डाइक ब्राउनसारखा रंग उजेडात फिका होतो म्हणजे अंधारात टिकतो, तर हे दार एकीकडून मूळपेक्षा पिवळं आणि दुसरीकडून आपल्या भावंडांपेक्षा गडद. त्याची डिट्टो कॉपी म्हणजे कपाटामागच्या अंधाराची कॉपी झाली असती. आम्ही मग चौकटीच्या कडेचा मोहरीएवढा तुकडा लॅबला दिला, मायक्रोस्कोपखाली त्याचा छेद बघितला, अस्तराचे दोन थर, ग्लेझ, पाण्यातला पातळ थर, वॉर्निश, परत वॉर्निश, असं सगळं पानांसारखं मोजता आलं. त्या एका तुकड्याने जे सांगितलं ते आम्ही महिनाभर तर्क लढवून सांगू शकलो नसतो. आणि शिशाचा पांढरा रंगही त्यात निघाला, तो विषारी असतो. जुन्या अस्तरात तो असतोच असं धरून चाला, कोरडं घासू नका, कारागिरांना साधे रुमाल बांधून उभे करू नका, ही तुमची नुसती कायद्याची नाही तर माणसांची जबाबदारी आहे.

आता बदली म्हणून काय होतं ते. दोन उपाय मीटिंगमध्ये नेहमी येतात. एक म्हणजे खरा संगमरवर लावू, कायमचा प्रश्न मिटेल. साधा हिशोब करा, २० मिलिमीटरची लादी चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरते, आणि जुनी भिंत कितीदा तरी लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा असते, तिला हे वजन पेलायचं नसतं. वरून लादी चिकटवायला गिलावा टाचायचा, म्हणजे खालचं रंगकाम कायमचं गेलं. दुसरा उपाय प्रिंटेड फिल्म, लाकडाच्या आणि मार्बलच्या फोटोची. लांबून बरी दिसते हे मी मान्य करतो. पण तीच गाठ ठराविक अंतराने परत येते, एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चुन्याच्या भिंतीतली ओल त्या प्लास्टिकमागे अडकते, क्षार तिथेच जमतात आणि गिलावा मागून सुटायला लागतो. हाताने मार्बलिंग करताना आपण शिरेची सुरुवात आणि शेवट विचारात घेतो, शीर कुठून आली, कुठे फुटली, जाड होती ती कुठे केसाएवढी झाली, शेजारच्या ठोकळ्यात ती चालू राहील का तिथे दुसरा दगड आहे. पिसाची कड रंगात बुडवून बोटांमध्ये सैल धरून ओढायची, आणि मग ओल्यातच बॅजर या प्राण्याच्या केसांच्या मऊ ब्रशने हवेसारखं फिरवायचं म्हणजे ती दगडाच्या आत गेल्यासारखी वाटते. फोटोत हे सगळं असतं पण त्या भिंतीसाठी, त्या खिडकीच्या उजेडासाठी केलेलं नसतं.

मग जे हरवलं ते परत करायचं की नाही? इथे माझं मत तुमच्यातल्या काही तज्ज्ञांपेक्षा वेगळं आहे. व्हेनिस चार्टर सांगतं की हरवलेल्या भागाच्या जागी जे बसवाल ते पूर्णाशी जुळलं पाहिजे आणि तरी मूळ कुठलं, नवं कुठलं ते ओळखू आलं पाहिजे. रोमच्या संवर्धन संस्थेत चित्रांसाठी बारीक उभ्या रेघांनी गाळलेली जागा भरायची पद्धत निघाली, लांबून जुळते, जवळून कळते, सुंदर पद्धत आहे. पण दारावर ती मला चालत नाही. दार माणसं हाताने ढकलतात, नाकासमोर असतं, आणि ज्या कामाचा जीवच आभास आहे त्यावर रेघांची जाळी म्हणजे ते काम अर्ध्यावर मारून टाकणं. मी काय करतो, जुन्यावर आधी वॉर्निशचा वेगळा थर देतो, माझं भरणं त्याच्यावर, आणि अशा रंगात जो उद्या कुणाला काढावासा वाटला तर खालच्याला न दुखवता निघेल. कुठे भरलं त्याचे फोटो, नकाशा, वापरलेले रंग सगळं लिहून देतो, आणि दाराच्या वरच्या कडेला, जिथे धूळ बसते तिथे, साल आणि सही टाकतो. ओळखू येण्याची अट मी अशी पाळतो. पूर्ण गेलेल्या अकरा दारांना मात्र पुन्हा ग्रेनिंग करायला मी तयार झालो ते बारावं हातात होतं आणि लॅबचा कागद होता म्हणून. तो पुरावा नसता तर मी एकरंगी साधा रंग सुचवला असता, मनाने ओक काढला नसता.

तुमच्याकडून मला हवंय ते फार नाहीये. टेंडर लिहायच्या आधी एखाद्या माहीतगाराला प्रत्येक खोलीत तळहाताएवढ्या खिडक्या, म्हणजे वरचा रंग काढून खालचं बघायच्या जागा, उघडू द्या, दारावर, चौकटीवर, भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर, खांबावर, थर एकेक करून. जे सापडेल त्याला वेगळा आयटम द्या, चौरस फुटाच्या रंगाच्या रेटमध्ये नको, कारण त्या रेटमध्ये काम घेणारा माणूस खरवडणारच, त्याचा दोष नाही, रेटच तसं सांगतो. नमुन्याचा एक भाग आधी करून घ्या आणि तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिव्यात एकदा बघून मग सही करा. एक पट्टा साफ न करता तसाच सोडा, पुढच्या पिढीच्या लॅबला आपल्यापेक्षा जास्त कळणार आहे. आणि वेळ द्या. पावसाळी हवेत तेलाचा ग्लेझ वाळायला किती दिवस घेईल ते उद्घाटनाच्या तारखेवरून ठरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण माणसांची आहे हे मला मान्य आहे, तुम्ही विचारता की करणारे आहेत कुठे. ब्रुसेल्समध्ये १९व्या शतकाच्या शेवटी हेच शिकवायला शाळा निघाली, लाकूड आणि संगमरवर रंगवायला, व्हान डर केलन कुटुंबाची, आणि ती अजून चालते, हिवाळ्यातला सहा महिन्यांचा कोर्स असतो. सहा महिने, रोज, एकेक लाकूड आणि एकेक दगड. मला ज्यांनी शिकवलं ते काका फोटोवरून काही काढू द्यायचे नाहीत, खरी फळी समोर ठेवायचे आणि म्हणायचे आधी हिचं झाड कुठल्या बाजूला झुकलं होतं ते सांग. मला दोन वर्षं उत्तर देता आलं नाही. असा हात तयार करायचा तर कामावर तयार करावा लागतो, म्हणून तुमच्या प्रत्येक मोठ्या कामात एका अनुभवी रंगाऱ्याबरोबर दोन शिकाऊ मुलं किंवा मुली घ्यायची अट टाका. पॉलिशपेपर मारणारी, डबे धुणारी, आणि हळूहळू फणी धरणारी. दहा कामांनंतर हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही.

ज्या साइटवर आत्ता खरवडायचं चालू आहे त्यांच्यासाठी एवढंच, की आजचा दिवस थांबा आणि सगळ्यात अंधाऱ्या जागेतलं दार, कपाटामागची भिंत, जिन्याखालचा कोपरा बघून घ्या, शाबूत राहिलं असेल तर तिथेच असेल. निघालेले टवके आणि मोडलेल्या पट्ट्या फेकू नका, कुठल्या खोलीतल्या ते कागदावर लिहून पिशवीत बांधून ठेवा. खांब असेल तर आधी कोरडा मऊ ब्रश, पाणी नाही. आणि काय आहे ते कळत नसेल तर मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही बोलवा, बघायला यायचे पैसे मी घेत नाही.

आपला,
एक रंगारी